तान्ह्या बाळाचा इसब : भीती कशाची बाळगावी?



बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की काही घरांत एक नवी काळजी शिरते. बाळाचे गाल खरखरीत होतात, त्यांवर पुरळ उठते, मग त्यातून पाणी झिरपून खपली धरते. बाळ आईच्या खांद्यावर गाल घासत राहते, दुपट्यावर डोके घुसळते आणि रात्री धड झोपत नाही. आजी म्हणते, उष्णता झाली. मावशी म्हणतात, दात येणार असतील. औषधाच्या दुकानातील माणूस एक ट्यूब काढून देतो आणि म्हणतो, दोन दिवसांत साफ होईल. या दुखण्याला मराठीत इसब म्हणतात, इंग्रजीत एक्झिमा. डॉक्टरांच्या कागदावर बहुधा ‘अटोपिक डर्मटायटिस’ असे लिहिलेले असते.

नातेवाईक व परिचितांच्या घरी हा विषय निघतो तेव्हा एक विलक्षण गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून लिहून दिलेले सौम्य मलम ‘स्टिरॉइड आहे’ म्हणून कपाटात न उघडता पडून असते. आणि चिठ्ठीशिवाय आणलेली, त्याहून कितीतरी तीव्र स्टिरॉइड असलेली ट्यूब मात्र निर्धास्तपणे बाळाच्या गालावर चोळली जाते. म्हणजे जेथे भ्यायचे नाही तेथे आपण भितो आणि जेथे भ्यायला हवे तेथे निर्भय असतो. या महिन्याचा लेख त्याविषयी आहे. मी वैद्यकीय व्यवसायातला नव्हे. तेव्हा येथे लिहिलेले डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय मानू नये, तो सल्ला नीट समजावा आणि पाळला जावा एवढ्यासाठीच वाचावे.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपली त्वचा विटा आणि चुना यांच्या भिंतीसारखी असते. ज्या बाळांना इसब होतो त्यांची ही भिंत जन्मतःच थोडी सच्छिद्र असते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे साबण, घाम, धूळ आत शिरून दाह उत्पन्न करतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाचे त्वचेतील प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असल्यास इसबाची शक्यता पुष्कळ वाढते. घरात कोणाला दमा, सततची सर्दी-शिंका किंवा लहानपणी इसब झालेला असेल तर बाळालाही तो होण्याचा संभव अधिक, हे यावरून समजते. हा रोग संसर्गजन्य नाही. तो रक्त ‘अशुद्ध’ झाल्याने होत नाही आणि आईच्या दुधातील दोषामुळेही होत नाही.

तान्ह्या बाळांत तो गाल, कपाळ, डोके आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूवर दिसतो; लंगोटाखालची जागा बहुधा सुटलेली असते. मूल मोठे झाले की तो कोपराच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्यामागे सरकतो. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही, जागा काळपट किंवा करडी दिसते. त्यामुळे दुखणे आहे त्याहून हलके समजले जाते. एक खूण मात्र लक्षात ठेवावी. घरातील इतर माणसांनाही रात्री खाज सुटत असेल, बाळाच्या तळहातांवर व तळपायांवर फोड असतील, तर ती खरूज असू शकते. तिचा उपचार अगदी वेगळा आहे आणि तो साऱ्या कुटुंबाने एकाच वेळी करावा लागतो.

आता आईविषयी. इसब दिसला की घरातील पहिला सवाल असतो, ‘सूनबाईंनी काय खाल्ले?’ मग एकेक पदार्थ बंद होऊ लागतो. दूध, दही, पनीर, शेंगदाणे, गहू, आंबट, तिखट. आपल्याकडे कंदमुळे वर्षभर वर्ज्य असतात. चातुर्मासात अनेक घरी पालेभाज्याही नसतात. त्यातून एवढे वजा केल्यावर बाळाला अंगावर पाजणाऱ्या त्या मुलीच्या ताटात उरते काय? शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्व मिळण्याचा मुख्य मार्ग दूध व दुधाचे पदार्थ हाच आहे. आईच्या शरीरात त्याची उणीव झाली तर अंगावर पिणाऱ्या बाळातही ती उतरते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधा पोहोचू शकते. त्वचेच्या दुखण्यापेक्षा ही हानी फार मोठी आहे.

बहुसंख्य बाळांच्या इसबाचे कारण आईच्या आहारात नसते. एखादा पदार्थ पोटात गेल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे, शौचातून रक्त पडणे, वजन न वाढणे, किंवा योग्य उपचार करूनही इसब मुळीच न हटणे, अशी लक्षणे असतील तरच अन्नाच्या ॲलर्जीची शंका घ्यावी. तेव्हाही पदार्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही ठरावीक आठवड्यांपुरताच बंद करायचा आणि पुन्हा सुरू करून पाहायचा असतो. घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, आईचे ताट कमी करण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच्या अधिकारात घेऊ नये.

रोजच्या उपचाराचा पाया म्हणजे ओलावा टिकवणारे मलम अथवा क्रीम, ज्याला आपण मॉइश्चरायझर म्हणतो. ते दिवसातून किमान दोनदा, त्वचा चांगली दिसत असली तरीही, सर्वांगाला लावायचे असते. अनेक घरांत एक छोटी ट्यूब महिनाभर पुरवली जाते. तेवढ्याने काही साधत नाही. अंगभर इसब असलेल्या लहान बाळाला आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम मलम लागते. केसांच्या दिशेने हलक्या हाताने लावावे, रगडू नये. बरणीत बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे.

एवढे मलम लागणार म्हटल्यावर खर्चाचा प्रश्न येतोच, आणि येथे ब्रिटनमध्ये झालेल्या तीन चाचण्या आपल्या उपयोगाच्या आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना झाली. गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे जे आपल्या बाळाला मानवते आणि जे आपण न कंटाळता रोज लावू, ते उत्तम. २०१८ च्या चाचणीत आंघोळीच्या पाण्यात घालण्याच्या खास तेलांचा नेहमीच्या उपचारांवर काही अधिक लाभ दिसला नाही. आणि २०११ साली, जड पाणी मृदू करणारे यंत्र घरी बसवल्याने ३३६ मुलांच्या इसबात फरक पडतो का, हे तपासले गेले. तो पडला नाही. कूपनलिकेच्या जड पाण्याच्या गावांत अशा यंत्रांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तो पैसा साध्या मलमाच्या मोठ्या डब्यावर खर्च करावा.

आपल्या घरांत आणखी एक रास्त शंका असते, ती घटकांची. काही क्रीममध्ये मधमाशीचे मेण किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्य, असते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचून निवड करता येते. पांढरे पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन ही खनिज तेलापासून होतात. त्यांत प्राणिज काही नसते आणि किंमतही माफक असते. जेली सुगंधविरहित घ्यावी, एवढेच.

आंघोळ रोज घालण्यास हरकत नाही. पण पाणी कोमट हवे आणि वेळ पाच ते दहा मिनिटे. कढत पाण्याने बाळ ‘शेकून’ काढण्याची रीत या बाळांना सोसत नाही. साबणाऐवजी सौम्य, गंधरहित, साबणविरहित क्लेन्झर वापरावा. अंग टिपून कोरडे करावे, घासू नये, आणि कातडी दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम लावावे. डाळीचे पीठ, हळद, साय यांचे उटणे इसब असलेल्या बाळाला लावू नये. घासल्याने त्वचा अधिक सोलवटते, हे तर आहेच. शिवाय दूध, डाळ यांसारखे अन्नपदार्थ फाटलेल्या त्वचेतून शरीरात शिरले तर त्यांचीच ॲलर्जी जडण्याचा धोका असतो. मोहरीचे व ऑलिव्हचे तेलही अशा त्वचेला वर्ज्य समजावे. नखे आखूड ठेवावीत, अंगावर सुती कपडे घालावेत आणि धुतलेल्या कपड्यांतून साबण पूर्ण निघून जाईल असे पाहावे.

मॉइश्चरायझर लावूनही दाह उसळला, म्हणजे जागा लाल, जाडसर आणि खाजरी झाली, की स्टिरॉइड मलमाची गरज पडते. तान्ह्या बाळांसाठी डॉक्टर सहसा सौम्य दर्जाचे, उदाहरणार्थ १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, लिहून देतात. ते फक्त दाह असलेल्या जागी, सांगितले तितके वेळा आणि सांगितले तितके दिवस लावायचे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. हे माप लक्षात ठेवले तर जास्त लावले जात नाही, आणि भीतीपोटी टिकलीएवढेही लावले जात नाही. अर्धवट उपचाराने दाह पुन्हा पुन्हा उसळतो आणि अखेरीस औषध अधिकच लागते. योग्य मात्रेत, देखरेखीखाली वापरलेल्या सौम्य मलमाने कातडी पातळ होत नाही.

इसब ओसरल्यावर त्या जागी फिकट डाग राहतात आणि ते पाहून ‘मलमाने कोड उठले’ अशी कुजबुज सुरू होते; मुलगी असेल तर काळजी थेट तिच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचते. हे डाग बहुधा दाहाचे असतात, कोडाचे नव्हेत. दाह आटोक्यात राहिला की काही महिन्यांत रंग परत येतो.

भीती बाळगावी ती त्या दुसऱ्या ट्यूबची. बाजारात तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली अनेक मलमे मिळतात. नायटा, खाज, पुरळ, सर्वांवर हीच दिली जातात. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून लोक ती प्रशंसेने एकमेकांना सांगतात. तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे औषध शरीरात अधिक शोषले जाते, लंगोटाखाली तर आणखीच. तीव्र स्टिरॉइड फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास बंदी केली, ती अशा गैरवापरामुळेच. औषधांचा व्यापार आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या बंधूंनी, तान्ह्या बाळासाठी अशी ट्यूब मागणाऱ्या ग्राहकाला ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ असे म्हटले, तर थोडी विक्री जाईल. पण आपण ज्या अहिंसेचा उच्चार करतो तिचे ते रोजचे आचरण ठरेल.

शेंगदाण्याविषयीही थोडे. ॲलर्जीच्या भयाने पुष्कळ आया बाळाला ते वर्षानुवर्षे देत नाहीत. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर लंडनमध्ये झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अकराव्या महिन्याच्या आत शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांत पाचव्या वर्षी ३.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली; ज्यांना ते टाळले, त्यांत १७.२ टक्क्यांना. तात्पर्य, टाळण्याने संरक्षण मिळतेच असे नाही. मात्र तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिल्यांदा शेंगदाणा देताना डॉक्टरांना विचारूनच, आणि अगदी बारीक, मऊ करून द्यावा. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो.

काही प्रसंगी मात्र विलंब करू नये. पिवळी खपली, पू, वेगाने पसरणारा दाह, ताप. अथवा एकसारख्या लहान फोडांचे झुबके उठून त्यांची खोलगट जखम होणे आणि बाळ मलूल पडणे, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तोंडावर जर आलेल्या माणसाने बाळाचा पापा घेऊ नये. ते विषाणू इसबाच्या त्वचेत झपाट्याने पसरतात. आणखी एक इशारा. मलम मुरलेले कपडे व दुपटी चटकन पेट घेतात आणि धुतल्यानेही ते पुरते निघत नाही. आरती, मंगलदीवा, निरांजन यांच्या जवळ अशा बाळाला कडेवर घेऊन उभे राहू नये.

हे काम महिनोन्‌महिने चालते आणि ते एकट्या आईवर टाकू नये. बहुतेक मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर कमी होतो. पण तोवर रात्रीची जागरणे तिलाच घडतात. संध्याकाळचे मलम आजोबांनी किंवा वडिलांनी लावले तर तिला अर्धा तास विसावा मिळेल. दुकानात आपण रोजमेळ लिहितो, तशी एक लहान वही घरी ठेवावी. कोणते मलम किती वेळा लावले, डबा कोणत्या तारखेला उघडला आणि केव्हा संपला, बाळ रात्री किती झोपले, एवढेच त्यात लिहावे. पुढच्या भेटीत डॉक्टर प्रथम हेच विचारतील, आणि उपचार बदलायचा की केवळ मलमाचे प्रमाण वाढवायचे, हे त्या वहीवरून त्यांना लगेच ठरवता येईल.