वसंतराव नाईक आणि कोरा सातबारा

१ जुलैला मारेगावात सरकारी कार्यालयांतून वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो. कृषी दिन. माणूस आपल्याच जिल्ह्याचा. ते पश्चिमेकडच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, आपण पूर्वेच्या टोकाला. १९१३ साली बंजारा शेतकरी कुटुंबात जन्म, पुढे वकिली, पुसदचे नगराध्यक्षपद, १९५२ ला आमदारकी आणि ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत सलग मुख्यमंत्रिपद. तांड्यातून आलेल्या माणसाने हे त्या काळात केले, याचे आम्हाला आजही अप्रूप आहे.

त्यांना शेती कळत होती. संकरित ज्वारी, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, कापूस एकाधिकार खरेदी, ही सगळी त्यांच्याच काळातली. पण यातले जवळजवळ सगळे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी होते. आपल्या वस्त्यांतला मोठा वर्ग तेव्हाही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होता, आजही वेचतो.

१९६१ चा सीलिंग कायदा झाला तेव्हा नाईक महसूलमंत्री होते. त्या कायद्यात जिरायत जमिनीची मर्यादा काही भागांत १२६ एकरांपर्यंत होती! एवढ्या ढिल्या मापात वाटायला उरणार किती? ते मुख्यमंत्री झाल्यावर वर्षभरातच, डिसेंबर १९६४ मध्ये, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. मर्यादा ५४ एकरांवर आली ती १९७५ च्या दुरुस्तीने. तोवर अनेक मोठ्या घरांनी कागदोपत्री वाटण्या उरकून घेतल्या होत्या.

भूमिहीनाला नाईकांच्या राजवटीने दिली ती रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात तिच्यामुळे चुली पेटल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. खडी फोडणाऱ्या आज्यांकडून आम्ही ते ऐकले आहे. मात्र मजूर मजूरच राहिला.

आता गायकवाडांच्याच नावाने योजना आहे, सबळीकरण व स्वाभिमान. २००४ पासून. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. दर एकरी जिरायतीला कमाल पाच लाख, बागायतीला आठ. कागदावर उत्तम. पण सरकारने जमीन विकत घेऊन द्यायची, तर आधी विकणारा हवा. रस्त्यालगतची किंवा कालव्याखालची काळी जमीन त्या दरात कोण सोडेल? पुढे येते ती मुरमाड, आडवळणाची. मग लाभार्थी मिळत नाहीत, असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

मारेगाव तालुक्यात २०१८ नंतर या योजनेतून किती कुटुंबांच्या नावे फेरफार झाला, कोणत्या गटात आणि कोणत्या प्रतीच्या जमिनीवर, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. आपापल्या गावाचे नाव तेवढे पोरांनी भरायचे.