मदतीचा हेतू आणि मदतीची व्यवस्था

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वस्तीवर दरड कोसळली. वाडी खालापूर तालुक्यातली, पनवेलपासून फार दूर नव्हे. वर जायला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे नेता आली नाहीत. भर पावसात चिखलाचा चढ चढून माणसांनी फावड्या-कुदळींनी ढिगारा उपसला. त्यांत सरकारी पथके होती तसे हौशी गिर्यारोहक आणि आसपासच्या गावांतील तरुणही होते. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला चढ चढतानाच मृत्यूने गाठले. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला.

त्या चार दिवसांत कोणी कोणाला ‘तू कोणत्या प्रेरणेने आलास’ असे विचारले नाही. संकट ओसरले की मात्र हा प्रश्न उभा राहतो आणि तो विचारण्यात डाव्या चळवळीतील कार्यकर्ता सर्वांच्या पुढे असतो. व्यापारी पुण्यासाठी देतो, डॉक्टर नावलौकिकासाठी येतो, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र हवे असते. यात समतेचा विचार कोठे आहे, असे तो म्हणतो. ही शंका निराधार नाही. दिवसा मजुरी बुडवायची आणि सायंकाळी अन्नदान करायचे, ही रीत या देशात जुनी आहे. परंतु शंका रास्त असली तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

माणसाच्या मनात एकच हेतू क्वचित असतो. बाजारातील स्वार्थाचे विवेचन करणाऱ्या ॲडम स्मिथने त्याआधी, १७५९ मध्ये, सहानुभूतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानाचा प्रश्न घेऊन पुढचे पाऊल टाकले. रक्ताला किंमत लावली की मिळणारे रक्त कमी सुरक्षित होते आणि निरपेक्ष देण्याची वृत्तीही क्षीण होते, असे त्याने मांडले. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. यातून घ्यायचा बोध असा की, परोपकाराची वृत्ती ही केवळ व्यक्तीच्या स्वभावाची गोष्ट नव्हे. समाज जी व्यवस्था उभारतो, तिच्याप्रमाणे ती वाढते किंवा सुकते.

अशी व्यवस्था कशी असते हे पाहण्यासाठी पनवेलच्या कार्यकर्त्याला दूर जावे लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. ज्यांचे नाव संस्थेला दिले ते मेहेरअली मुंबईच्या सधन मुस्लिम कुटुंबातले, काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, १९४२ मध्ये मुंबईचे महापौर. १९५० मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता, ते गेले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे काम ज्यांनी आयुष्यभर वाहिले ते डॉ. जी. जी. परीख सौराष्ट्रातले. विद्यार्थिदशेत त्यांनी बेचाळीसचा तुरुंगवास भोगला, आणीबाणीतही भोगला, आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ताऱ्यात रुग्णसेवेला शाळांची, तेलघाण्याची, साबणाची आणि मातीकामाची जोड मिळाली.

तेथे आलेल्यांत गांधीमार्गी होते, समाजवादी होते आणि कोणताही वाद न मानणारेही होते. एक मुंबईचा मुसलमान, एक सौराष्ट्रातला डॉक्टर, पनवेल तालुक्यातील आगरी आणि कातकरी: यांना जोडणारा धागा समान हेतू हा नव्हता, समान काम हा होता. हेतूंचे शुद्धीकरण झाल्यावर काम सुरू करायचे ठरले असते, तर दवाखान्याचे दार उघडलेच नसते.

मग कसोटी कोणती लावायची? देणाऱ्याचे मन नव्हे, घेणाऱ्याचे स्थान पाहावे. मदतीनंतर तो पुन्हा हात पसरून उभा आहे, की स्वतःच्या हक्काने उभा आहे? त्याला प्रश्न विचारता येतो का, हिशेब मागता येतो का? या कसोटीला उतरेल ती सेवा संघर्षाची शत्रू ठरत नाही. डॉ. लोहियांनी फावडे, मतपेटी आणि तुरुंग यांना एकत्र गुंफले ते याचसाठी. फावड्याविना मतपेटी पोकळ होते आणि तुरुंगाच्या तयारीविना फावडे नुसते दानधर्माचे हत्यार बनते.

इरशाळवाडीचा धडाही हाच आहे. मदत एका रात्रीत डोंगर चढली. रस्ता मात्र स्वातंत्र्यानंतरच्या ७५ वर्षांत चढला नव्हता. त्या रात्री करुणेचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो तिला वर्षाचे बाराही महिने राबवणाऱ्या यंत्रणेचा आणि दरड कोसळण्यापूर्वी सुरक्षित जागेची मागणी लावून धरणाऱ्या संघटनेचा. पुण्याच्या आशेने आलेल्या व्यापाऱ्याला आणि प्रमाणपत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याला कार्यकर्त्याने दारातून परतवू नये. त्यांच्या हाती फावडे द्यावे आणि दुसऱ्या दिवशी वाडीच्या रस्त्यासाठी निघणाऱ्या मोर्चाचे निमंत्रणही द्यावे.