उंदराला खस्सी करणे गुनाह आहे का?

बकरी ईदला आठवडा राहिला होता. बहिणीच्या घरी जिन्याखाली बोकड बांधलेला होता. खस्सी, अंगाने भरलेला, शांत. मेहुण्यांनी चार बाजार फिरून तो निवडला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. त्याच दुपारी भाचीने मला बाजूला घेऊन विचारले, "मामू, माझ्या उंदराला खस्सी करायचंय. डॉक्टर तयार आहेत. पण अब्बा म्हणतात, गुनाह आहे. खरंच आहे का?"

मला हसू आले. तिचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच थांबले.

तिच्याकडे दोन नर उंदीर होते, एकाच विणीतले भाऊ. दुकानातून आणले तेव्हा तळहातावर मावत होते. पहिले काही महिने एकमेकांच्या अंगावर झोपायचे, एकमेकांचे कान चाटायचे. सातव्या महिन्यात त्यांतला थोराड बदलला. अंगावरचे केस फुलवून, पाठ कमानीसारखी करून, आडवा सरकत दुसऱ्याला कोपऱ्यात दाबू लागला. एका सकाळी दुसऱ्याच्या पाठीवर खोल जखम दिसली. भाचीने मध्ये हात घातला, तर तिचेही बोट फुटले. तेव्हापासून दोन पिंजरे झाले. मार खाल्लेला दिवसभर घरट्यात दडून बसायचा. आणि ज्याने मारले तोही खुशीत नव्हता. जाळीला नाक लावून रात्रभर येरझाऱ्या घालायचा.

घरात प्रत्येकाकडे उपाय होता. बहीण म्हणाली, एकाला नाल्याकडे सोडून ये, अल्लाह रिज्क देणारा आहे. शेजारचे चाचा म्हणाले, दोघांना एकत्र टाका, एक हरला की आपोआप गप बसतील. मेहुणे म्हणाले, अल्लाहने जसा बनवला तसा राहू दे, त्याच्या खिल्कतीत बदल करणारे आपण कोण? मी आलीम नाही आणि जनावरांचा डॉक्टरही नाही. पण प्रश्न माझ्याकडे आला होता, म्हणून वाचले, विचारले. त्यातून माझे जे मत बनले ते इथे मांडतो.

आधी उंदराबद्दल. त्याचे नाव काढताच आपण नाक मुरडतो, त्याला कारणे आहेत. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगेच पुण्यात प्लेग पसरला. घरे सोडून माळावर झोपड्यांत राहिलेल्यांच्या गोष्टी आपल्या आजी-आजोबांनी त्यांच्या आई-वडिलांकडून ऐकल्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईला पुन्हा उंदराची भीती घातली. दीनमध्येही उंदराचे स्थान गोड नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसनुसार ज्या पाच उपद्रवी जीवांना हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा आहे, त्यांत उंदीर आहे. रात्री झोपताना दिवा विझवा, उंदीर वात ओढून घर पेटवेल, अशीही ताकीद आहे. याच आधारावर काही उलेमा उंदीर पाळणेच गैर मानतात. भाचीने आणण्यापूर्वी विचारले असते, तर मीही म्हटले असते, आणू नकोस.

पण तिने आणले होते. आणल्यानंतरचा प्रश्न वेगळा असतो. उपद्रवी जनावराला मारण्याची मुभा म्हणजे त्याला छळण्याची मुभा होत नाही. मारायचे तेसुद्धा कमीत कमी यातना देऊन, ही शिकवणही मुस्लिमच्या हदीसमध्येच आहे. आणि ज्याला आपण स्वतः कोंडले, त्याचा हिशेब तर फारच कडक. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तिने मांजरीला खायला घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. पिंजरा आपण आणला, दार आपण लावले, की आत जे घडते त्याची जबाबदारी आपली.

मग मोकळे सोडले तर? मांजरीला शिकार येत होती. दुकानात जन्मलेल्या, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या उंदराला ती येत नाही. नाल्यावरचे उंदीर त्याला आपल्या टोळीत घेत नाहीत. घुशी, मांजरी, कावळे टपलेले असतात. रिज्क देणारा अल्लाह आहे यात शंका नाही, पण आपल्या अंगावरची अमानत झटकताना त्याचे नाव घेणे मला पटत नाही.

चाचांचा उपाय त्याहून वाईट. जनावरांना आपसांत लढवण्याची मनाई अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आली आहे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावरांची झुंज लावणे गुन्हा ठरवले आहे. चाचांच्या मनात झुंज लावायचे नव्हते, हे मान्य. पण पळायला वाट नसलेल्या पिंजऱ्यात दोघांना टाकायचे आणि एक हरण्याची वाट बघायची, याला दुसरे काय म्हणणार? रानात हरलेला उंदीर पळून जातो. पिंजऱ्यात तो मरतो.

राहिला मेहुण्यांचा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतान म्हणतो की मी माणसांना अल्लाहची निर्मिती बदलायला लावीन. काही मुफस्सिरांनी याचा अर्थ जनावरांना खस्सी करणे असाही घेतला आहे. हजरत इब्ने उमर यांना खस्सी करणे नापसंत होते, हे इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. माणसाच्या बाबतीत तर वादच नाही. हजरत उस्मान बिन मजऊन यांना संसारातून अंग काढून इबादतीला वाहून घ्यायचे होते, तेव्हा पैगंबरांनी (स.) परवानगी नाकारली. माणसाला खस्सी करणे हराम आहे.

जनावरांच्या बाबतीत मात्र इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात जनावरांना खस्सी करण्यात हरकत नाही असे म्हटले आहे. अट एवढीच, की त्यात काही फायदा असावा; उगाच, चैन म्हणून करू नये. शाफई मत अधिक कडक आहे. इमाम नववी यांच्या मते ज्या जनावराचे मांस हलाल आहे त्याला लहान वयात खस्सी करता येते, बाकीच्यांना नाही. देशावरचे आपण बहुतेक हनफी, पण कोकणातले आपले बांधव शाफई आहेत. म्हणून त्यांना मी माझे मत ऐकवणार नाही. त्यांनी आपल्या आलीमला विचारावे. मनाई असेल तर दोन पिंजरे शेजारी ठेवावेत आणि प्रत्येक उंदराला रोज भरपूर वेळ द्यावा. तोही मार्ग आहे, फक्त कष्टाचा.

आमचे घर हनफी. मोहल्ल्यातल्या मौलानांनी भाचीचे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "यात जनावराचा फायदा आहे की तुझी सोय?" मला तो प्रश्न फार आवडला. कारण तो जिन्याखालच्या बोकडालाही लागू होता. त्याला खस्सी केले होते ते मांसाला वास येऊ नये, अंग भरावे, म्हणजे आपल्यासाठी. बहुधा भूल न देताच. शेतकरी बैल बडवतो तोही नांगराला जुंपता यावा म्हणून. हे आपण पिढ्यान् पिढ्या चालवत आलो. दोन दुंबे खस्सी असल्याचा कुर्बानीच्या हदीसमधला उल्लेखही आपण अभिमानाने सांगतो. आणि एका जिवाला त्याच्याच भल्यासाठी, भूल देऊन, खस्सी करायची वेळ आली की आपल्याला अल्लाहची खिल्कत आठवते. मला वाटते, आपली अडचण फिकहपेक्षा मनातली जास्त आहे. मराठीत 'खच्चीकरण' हा शब्द हिंमत मोडण्यासाठी वापरतात. नरपण गेले म्हणजे इज्जत गेली, ही माणसाची समजूत आहे. उंदराला तिचा पत्ताही नाही.

मग उंदराचा फायदा आहे का? आहे, कारण तो एकट्याने राहणारा जीवच नाही. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत अडकवलेल्या सोबत्याला सोडवायला उंदीर दार उघडायला शिकले, आणि शेजारी चॉकलेट ठेवले तरी अनेकांनी सोबत्याला सोडवून ते वाटून खाल्ले. असा जीव दोन-तीन वर्षांचे आयुष्य एकटा काढतो, ही मोठी शिक्षा आहे. सगळे नर आक्रमक होत नाहीत. पण काहींच्या अंगात सहा महिने ते वर्षाच्या सुमारास टेस्टोस्टेरॉनचा जोर इतका वाढतो की तो सतत ताणाखाली जगतो. वृषण काढल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांचा हा ताण उतरतो.

तरीही ऑपरेशन हा पहिला उपाय नाही. डॉक्टरांनी आधी दात, छाती, अंग तपासले, कारण दुखण्यानेही जनावर चावते. मग धोका स्पष्ट सांगितला. एवढ्याशा अंगातली ऊब भुलेखाली झपाट्याने जाते. उंदराच्या पोटातून अंडकोशात जाणारी वाट आयुष्यभर उघडी राहते. ती नीट शिवली नाही तर आतडे खाली उतरू शकते. टाके तो दातांनी काढतो, म्हणून ते आतून घालावे लागतात. कुत्र्या-मांजराला भुलेआधी उपाशी ठेवतात, पण उंदराला उलटी होतच नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचे नसते. हे ज्याला माहीत आहे, ज्याने अशा लहान जीवांवर आधी हात चालवला आहे, त्याच डॉक्टरकडे जावे. तसा डॉक्टर जवळ नसेल तर दोन पिंजरे बरे.

ऑपरेशन झाले. भाचीला वाटले, आता ईदनंतर दोघे गळाभेट घेतील. इथे सबर लागतो. रक्तातला जोर उतरला तरी वागणूक बदलायला काही आठवडे जातात, आणि चावण्याची लागलेली सवय कधी कधी पूर्ण जातही नाही. तिने महिनाभर दोघांना वेगळे ठेवले. पिंजरे शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर, म्हणजे जाळीतून शेपटी-बोटे चावली जाणार नाहीत. रोज एकाच्या घरट्यातले कापड दुसऱ्याकडे. मग दोघांपैकी कुणाचीच हद्द नसलेली जागा शोधली, न्हाणीघराची धुऊन कोरडी केलेली फरशी. दहा मिनिटे. हातात जाड टॉवेल, उघडा हात मध्ये घालायचा नाही. एकमेकांना हुंगणे, पाठलाग, दाबून धरणे, थोडे चिरकणे याकडे दुर्लक्ष करायचे. केस फुलले, अंग आडवे झाले की टॉवेल टाकून वेगळे करायचे. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला टॉवेल पडला. आठवडाभराने अर्धा तास गेला. मग राखण्यासारखे काहीच नसलेला लहान रिकामा डबा, मग मोठा. शेवटी पिंजरा पूर्ण धुऊन, आतली मांडणी बदलून, दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या आणि दोन तोंडे असलेली घरटी, म्हणजे कुणी कुणाला कोंडणार नाही.

आज दोघे एकत्र झोपतात. थोराड अजूनही कधी कधी, विशेषतः खाण्याच्या वेळी, केस फुलवतो. भाची दोन कोपऱ्यांत खाणे ठेवते. एवढ्यावर निभावते.

मला विचारतील, माणसांना दवाखाना परवडत नाही आणि तुम्ही उंदराच्या ऑपरेशनवर पानभर लिहिता? हा प्रश्न खरा आहे, पण तो दुकानात पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारायचा असतो. मुलांच्या हट्टासाठी दोनशे-चारशेचा जीव घेताना डॉक्टरचा खर्च आपण धरत नाही. तो झेपणार नसेल तर जीव आणू नये. आणला, तर 'जनावरच आहे' म्हणून सुटका नाही. लहानग्या अबू उमैरचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी (स.) आपुलकीने त्याची विचारपूस केली होती. मुलाचा जीव कशात गुंतला आहे हे त्यांनी क्षुल्लक मानले नाही.

म्हणून भाचीला माझे उत्तर असे होते. आपल्या मसलकमध्ये, त्याच्या भल्यासाठी, जाणत्या हातून, भूल देऊन केलेस तर गुनाह नाही. त्याला नाल्यात सोडणे किंवा मरेपर्यंत लढू देणे, याचा जबाब मात्र द्यावा लागेल. मेहुणे त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण दवाखान्यातून परत येताना उंदराचा डबा त्यांच्या मांडीवर होता, आणि त्याला ऊब राहावी म्हणून त्यांनी आपला रुमाल त्यावर टाकला होता.