मोटारगाडीचे तेल मोटारसायकलीला नको

हिंजवडीच्या आयटी पार्ककडे जाणाऱ्या गर्दीत मोटारसायकलस्वाराचा डावा हात सतत क्लचवर असतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणजे पाहा, तेलाने इंजिनातील घर्षण कमी करायचे, पण क्लचच्या चकत्यांची पकड मात्र सुटू द्यायची नाही! मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण आणखी घटवणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे हा क्लच घसरू शकतो. म्हणून ‘महाग तेच उत्तम’ हे मला पटत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ ही जपानी मानकाची खूण पाहावी. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच बहुधा कोरडा. तिला ‘एमबी’ चालते. दाटपणा १०डब्ल्यू-३० हवा की २०डब्ल्यू-४०, हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेलेच असते.