वाचल्याशिवाय सही करू नये

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. समोर आलेला कागद तो खालून वर वाचायला लागतो. वरचा मजकूर नेहमी गोडच असतो, अट असते ती तळाला, बारीक टायपात. या खोडीमुळे आमच्या घराण्यातले सगळे कागद शेवटी माझ्याकडे येतात. विम्याचे, जमिनीचे, बँकेचे. गेल्या चवथीच्या आधी मात्र एक वेगळाच कागद आला. तो घेऊन आली बाय, माझी थोरली आतेबहीण.

"तूंच वाच रे हें, म्हाका इंग्लीश खंय कळटा?"

बायला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते तो, ऱ्हुमेटॉइड. सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ वळत नाही. जिच्या हातच्या नेवऱ्यांची मुरड बघायला शेजारणी यायच्या, तिला दोन वर्षं साधी माटोळीची दोरी बांधता आलेली नाही. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या झाल्या, इतर गोळ्या झाल्या, पुरेसा गुण आला नाही. म्हणून डॉक्टरांनी 'बायॉलॉजिक' इंजेक्शन सुचवलं, आणि हा कागद म्हणजे त्याचं संमतिपत्र.

घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, ही इंजेक्शनं घेतली की कॅन्सर होतो. दुसरा म्हणतो, डॉक्टर सांगतात ना, मग कर सही आणि मोकळी हो. तिसरे एक काका घाटावरून येणाऱ्या कुठल्याशा पुडीचं नाव घेऊन बसले. मला विचाराल तर तिघंही चूक. का ते सांगतो. मी डॉक्टर नव्हे, बी. ए. झालेला कारकून. पण कागद वाचता येतो.

आधी हे औषध आहे काय? सांध्याला सूज आणणारे काही रासायनिक निरोप शरीरात फिरत असतात. त्यातल्या एकाचं नाव टीएनएफ. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी यांनी असं धरलं की हा एकच निरोप अडवला तर सूज ओसरेल. 1992 मध्ये पहिल्या रुग्णांवर प्रयोग झाला आणि तो फळाला आला. अमेरिकेत या आजारासाठी 1998 साली इटॅनरसेप्टला आणि 1999 साली इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली. हातपाय वाकडे होऊन खाटेला खिळायचं, हे या रोगाचं ठरलेलं भविष्य बदललं. ही लहान गोष्ट नव्हे.

आता तळाची बारीक ओळ. 2001 साली इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. अनेकांना पहिल्या तीन महिन्यांतच, आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाबाहेरचा. कारण समजायला सोपं आहे. टीबीचा जंतू एकदा अंगात शिरला की बऱ्याचदा शरीर त्याला मारत नाही, त्याच्याभोवती तट बांधून कोंडून ठेवतं. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. त्या तटाचा चुना म्हणजे हाच टीएनएफ. सांधा वाचवायला आपण चुना काढून घेतो, आणि कोंडलेला कैदी बाहेर येतो.

मग औषध वाईट ठरलं का? इथं स्पेनचं उदाहरण बघा. 2002 साली तिथं नियम झाला की ही औषधं सुरू करण्याआधी प्रत्येकाची क्षयासाठी तपासणी व्हायची, आणि दडलेला जंतू सापडला तर आधी त्यावर प्रतिबंधक उपचार व्हायचा. त्यानंतर या रुग्णांतलं क्षयाचं प्रमाण 78 टक्क्यांनी उतरलं. पुढे असंही दिसलं की जिथं नियम नीट पाळला नाही तिथं धोका सातपट होता. औषध तेच, देश तोच. बदलली ती फक्त पद्धत.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'हे इंजेक्शन सुरक्षित आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. बरीचशी सुरक्षितता बाटलीत नसतेच. ती असते इंजेक्शनाआधीच्या चार चौकशांत आणि नंतरच्या लक्ष ठेवण्यात. आणि जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या आपल्या देशात तर ही चौकशी वगळणं म्हणजे गुन्हाच.

आता बायचा कागद. 'पूर्वी क्षय झाला होता का? घरात कुणाला होता का?' या रकान्यांत 'नाही' वर आधीच खुणा केलेल्या होत्या. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते खासगी ठिकाण कुठलं ते सांगत नाही, एकाच ठिकाणी असं होत असेल असं मला वाटतही नाही. मी तिला विचारलं, "बाय, तुझ्या बाबांना काय झालं होतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. लहानपणी बाबांचं ताट-पेला वेगळं होतं, आणि घराबाहेर याविषयी बोलायचं नाही अशी आईची ताकीद होती. पन्नास वर्षं तिनं ती पाळली. तिला कुणी विचारलं असतं तरी 'नाही' असंच म्हणाली असती, हे तिनंच मला सांगितलं.

म्हणजे खूण करणाऱ्याची चूक होतीच, पण थोडी आमचीही होती. क्षय लपवायचा ही आपल्या घराघरांतली जुनी रीत. तोच रोग आता औषधाच्या वाटेनं परत येऊ शकतो, हे ओळखून ती मोडायला हवी.

तो कागद सहीविना परत गेला. नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी, रक्ताची तपासणी, कावीळ 'बी'चीही. हातावर गाठ चांगलीच उठली. मग आधी क्षयाच्या प्रतिबंधक गोळ्या आणि महिन्याभरानं इंजेक्शन, असं ठरलं. मांटू कोरी आली म्हणून निर्धास्त राहायचं नसतं, हेही तेव्हा कळलं. स्टेरॉइड चालू असेल तर ती चाचणी फसू शकते. म्हणून तर तोंडी माहितीचं मोल.

राहिले ते काका आणि त्यांची पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघड झाले आहेत. मोठ्या डोसाचं स्टेरॉइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर जंतुसंसर्ग, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, सगळंच येतं. बायॉलॉजिकच्या खोक्यात निदान धोक्याची यादी छापलेली असते, पुडीवर नावही नसतं. कॅन्सरचं म्हणाल तर सुरुवातीला शंका होती. नंतरच्या मोठ्या नोंदवह्यांत एकूण कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही, त्वचेच्या कॅन्सरवर मात्र लक्ष ठेवायला सांगतात. आणि काहीच न घेण्यालाही किंमत आहेच. धगधगता संधिवात सांधे मोडतो आणि हृदयालाही सोडत नाही.

माझी मागणी मोठी नाही. संमतिपत्र मराठीत आणि कोंकणीत एका पानावर द्या. आधी कुठल्या तपासण्या, ताप आला किंवा खोकला लांबला तर इंजेक्शन थांबवून कुणाला फोन करायचा, कुठल्या लशी टाळायच्या, एवढंच त्यात लिहा. बाय मराठी शाळेत शिकली, दर श्रावणात पोथी वाचते. तिला वाचता येत नाही असं नाही. तिला वाचता येईल असं कुणी लिहीत नाही.

या चवथीला बायनं नेवऱ्या केल्या. मुरड पूर्वीसारखी नव्हती, थोडी जाडच पडली होती. महिन्याला वजन आणि ताप लिहून ठेवायची वही तिनं देवघरात ठेवली आहे. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलंय : 'बाबांना टीबी होता.'