नवऱ्याच्या दाखल्यावरचा मुक्काम

परक्या देशात कायमचे राहायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका येते, ग्रीन कार्ड येते, वर्षानुवर्षांची रांग येते. मी अक्कलकुव्यात काम करते. इथल्या बायका परक्या मुलखात जातात त्या लग्न करून. कायम राहण्यासाठी अर्ज त्यांनाही करावा लागतो, फक्त त्याला तसे नाव कोणी देत नाही.

1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि नंदुरबार या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. म्हणजे सीमा आमच्या तालुक्यातूनच कापत गेली. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. सागबाऱ्याकडची मुलगी खापरला येते, इकडची तिकडे जाते. बोली तीच, देव तेच. सरकार तेवढे बदलते, आणि ते बदलल्याचे तिला कळते कागद मागितल्यावर.

2024 साली ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिना 1500 रुपयांची. महाराष्ट्राची रहिवासी असल्याचा पुरावा हवा : अधिवास दाखला, नाहीतर 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला. परराज्यात जन्मलेल्या बाईने इथल्या रहिवाशाशी लग्न केले असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल, असे ठरले. आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणाल्या, बरे झाले, सवलत मिळाली. सवलत आहेच. पण ती कोणाला मिळाली? नांदत्या बाईला.

आमच्याकडे एक बाई आली. लग्न होऊन इकडे आल्याला नऊ वर्षे झालेली. नवऱ्याने दुसरी केली, तशी ही दोन लेकरांना घेऊन त्याच गावात वेगळी राहू लागली. निंदणी करते, हंगामात ऊसतोडीला जाते. फॉर्म भरणाऱ्याने नवऱ्याचा दाखला मागितला. नवरा म्हणाला, “नांदायला ये, मग देतो.”

शासनाने त्याच्या हातात काय दिले ते पाहा! योजनेच्या नियमांत परित्यक्तेचा उल्लेख ठळक आहे. पण परराज्यातून आलेल्या परित्यक्तेला आत यायचे तर ज्याने टाकले त्याच्याच दारात जावे लागते. 2025 मध्ये ई-केवायसी आले, तेव्हाही नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर विधवांना मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना कोर्टाचा आदेश देण्याची वाट काढली. आदिवासींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. आमच्याकडे काडीमोड पंचांसमोर होतो. कोर्टाचा कागद आणायचा कुठून? आणि जिचा काडीमोडच झाला नाही, तिने काय आणायचे?

हे अडाणी मुलखाचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या इंजिनिअरची बायको त्याची ‘अवलंबित’ म्हणूनच राहते. तिचा ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्या अर्जाला बांधलेला; कार्ड मिळण्याआधी घटस्फोट झाला तर तिचा अर्ज कोसळतो. तिथल्या बायकांनी लढून 1994 साली कायदा करून घेतला. नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या मारझोडीला कंटाळलेली पत्नी आता स्वतः अर्ज करू शकते. पण नवराच अजून रांगेत असेल तर त्या तरतुदीचा तिला उपयोग नाही. पदवी असो वा अंगठा, मुक्काम नवऱ्याच्या नावावर!

आमच्या तालुक्याला हा हिशेब जुनाच आहे. मणिबेलीसारखी गावे सरदार सरोवरात गेली. त्यांना नव्या जागी वसवायचे नियम नर्मदा लवादाने 1979 मध्ये घातले. त्यांत प्रत्येक सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब धरले. सज्ञान मुलीचे नावच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, नवऱ्याचा दाखला ‘चालेल’ एवढ्यावर आपण समाधान मानू नये. बाई इथे राहते, राबते, बाळंत होते. त्याच्या नोंदी तिच्या स्वतःच्या नावाने सरकारपाशीच आहेत. अंगणवाडीची वही आहे, रोजगार हमीचे जॉबकार्ड आहे, मतदार यादी आहे. लग्न करून आलेल्या बाईला 15 वर्षांची अट कशाला? पाच वर्षांच्या तिच्याच नोंदी आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा धरावा. आमचा पेसाचा भाग आहे, ग्रामसभेला इथे कायद्याने वजन आहे. पंच पुरुषच असतात आणि ठरावातही आडकाठी येईल, हे मला ठाऊक आहे. पण ग्रामसभेत निदान दहा बायका उभ्या राहून “ही आमच्यात राहते” असे सांगू शकतात. नवऱ्याच्या ओसरीवर तिला एकटीलाच उभे राहावे लागते.

येत्या 1 मेच्या ग्रामसभांत आम्ही असे ठराव मांडणार आहोत. धडगाव, तळोदा, नवापूर आणि सीमेलगतच्या इतर तालुक्यांतल्या संघटनांनी, नवऱ्याच्या कागदावाचून अडलेल्या बायकांच्या नोंदी एप्रिलअखेर आमच्याकडे पाठवाव्यात.