जीवशास्त्राची पदवी आणि कपाशीची पुडी

वैद्यकीय प्रवेश हुकला की अनेक मुले बी.एस्‌सी.च्या वर्गात येऊन बसतात. वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेऊन पुढे करावयाचे काय, या प्रश्नाला पालकांपाशी उत्तर नसते. प्राध्यापकांपाशीही ‘संशोधन’ या भारदस्त शब्दापलीकडे ते क्वचितच असते. पुढे मुलगा बँकेत चिकटला की शिक्षण वाया गेले, असा निवाडा घरातच दिला जातो.

हा निवाडा देण्यापूर्वी विदर्भातील कपाशीकडे पाहावे. बोंडअळीला मारक असे बीटी बियाणे भारतात २००२ साली मान्य झाले. पुढे पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येऊ लागली. ते शेताच्या कडेने लावावयाचे होते. कारण साधे आहे. बीटी झाडावर जी अळी मरत नाही, तिच्यापासून झालेल्या पतंगांचा आपसांतच संयोग झाला, तर प्रतिकारशक्ती पिढ्यान्‌पिढ्या बळावते. कडेच्या झाडांवर वाढलेले साधे पतंग त्यांत मिसळले, तर तिचा प्रसार मंदावतो. अनेकांनी ती पुडी फेकून दिली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही: कडेच्या ओळींचा तोटा एकट्याचा, लाभ साऱ्या शिवाराचा. त्यात फरदडीची भर पडून अळीला खाद्य अधिक काळ मिळत राहिले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार माजविला. दोष शेतकऱ्याचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पुडी कशासाठी, हे त्याला समजावून कोणी सांगितले?

ते सांगू शकणारा पदवीधर गावातच होता. निसर्गनिवड त्याने अभ्यासली होती. वरून हिरव्या दिसणाऱ्या बोंडांपैकी काही फोडून मोजल्याविना अळी किती हे कळत नाही, आणि न फवारलेला पट्टा शेजारी ठेवल्याविना औषधाचा गुण ठरत नाही, हेही त्याला ठाऊक असावयास हवे होते. मोजणे, तुलना करणे, दाव्यावर शंका घेणे ही विद्या कृषिसेवा केंद्राच्या गल्ल्यामागे किंवा पीककर्जाच्या टेबलाशीही उपयोगी पडते.

परंतु ती त्याला मिळते काय? आज प्रात्यक्षिक म्हणजे पुष्कळ ठिकाणी मागल्या वर्षीच्या जर्नलमधील आकृत्यांची सुबक नक्कल आणि तिच्यावर प्राध्यापकांची सही. (आकृती जितकी नेटकी, तितके सूक्ष्मदर्शक न उघडल्याचे अनुमान बळकट!) विद्यापीठांनी जर्नलचे गुण निम्मे करावेत आणि उरलेले गुण एका हंगामभर जवळच्या शिवारात विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नोंदींना द्यावेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा बांधावर जाण्याची तयारी मात्र लागते.